मशीनबाईचं बिऱ्हाड

पिंपळखुटे काका कुरिअरचं पाकीट कधी तसंच फेकत नाहीत. आधी कात्रीनं त्यावरचं नाव आणि पत्ता कापतात, तो तुकडा जुन्या रिपोर्टांसोबत बादलीत भिजत घालतात, आणि तीन दिवसांनी त्यात मेथीचं पीठ कालवून खलबत्त्यात कुटतात. मग पालथ्या पातेल्यावर तो लगदा थापून त्याची टोपली करतात. आमच्या दवाखान्यात अशा पाच-सहा टोपल्या आहेत. एकीत कापूस असतो, एकीत डॉक्टरांची बिस्किटं. येणारा पेशंट टोपली उचलून बघतो, हलकी आहे म्हणून कौतुक करतो. आपल्याच मागच्या वर्षीच्या रक्ततपासणीचा कागद आपण हातात धरला आहे हे त्याला ठाऊक नसतं.

"कागद फाडला की तुकडे राह्यतात," काका म्हणतात. "जाळला त अर्धा उडून शेजाऱ्याच्या आंगनात जाते. लगदा झाला की मंग कोनाले वाचता येत नाही."

मी पांढरकवड्यातल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्याचा कारभार बघते. आधी इथेच नर्स होते. खांदा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनी मला खुर्ची दिली. काका आमच्याकडे आले ते निवृत्तीनंतर. त्याआधीची अख्खी नोकरी त्यांनी घाटंजीला तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. आता घरी एकटेच असतात, म्हणून सकाळच्या पहिल्याच एसटीनं इकडे येतात. हातात कापडी पिशवी, पिशवीला चेन आणि चेनीला कुलूप. आत फक्त जेवणाचा डबा असतो.

एसटीत कोणी विचारलं, "काका, कुठं निंगाले?" तर म्हणतात, "गाडी जाते तिकडं." मागे एकदा त्यांना चक्कर आली म्हणून मी त्यांचं बीपी मोजलं. आकडा ऐकून घेतला आणि म्हणाले, "वर्षाताई, आता हे इसरून जा." मी म्हटलं, रजिस्टरला लिहावं लागेल. तर रजिस्टर स्वतःकडे ओढून त्यांनी आकडा लिहिला आणि नावाच्या जागी लिहिलं, 'कर्मचारी, पुरुष'. डॉक्टर सोडले तर आमच्या दवाखान्यात पुरुष कर्मचारी ते एकटेच आहेत.

आल्या आल्या त्यांनी आमची नावं पुकारायची पद्धत बंद पाडली. आम्ही दारात उभं राहून ओरडायचो, "मारोती कनाके, लघवी तपासणी." सगळा ओटा वळून मारोतीकडे बघायचा. काकांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि त्यावर रानातल्या फळांची चित्रं काढली. आकडे नकोत, म्हणाले, आकड्यांवरून लोक भांडतात. तेव्हापासून आमच्याकडे "सीताफळ कोण आहे, आत या" असं चालतं. बोर, कवठ, चारोळी, टेंभरं. एकदा एका गावच्या पाटलांच्या वाट्याला भोकर आलं. ते तासभर तोंड फुगवून बसले आणि शेवटी म्हणाले, "आमाले आंबा नाही का जी?"

"आंबा आत गेला आहे, पाटील," काका म्हणाले. "रक्त देऊन राह्यला."

"ज्याचं त्याले" हे त्यांचं पालुपद. डबा खाताना चटणी वाटतानाही म्हणतात, आणि एकाचा रिपोर्ट चुकून दुसऱ्याच्या पाकिटात गेला की आमच्यावर डोळे वटारतानाही म्हणतात.

तहसिलीची जागा बदलली तेव्हाची एक गोष्ट ते सांगतात. रेकॉर्ड रूममध्ये जुने कागद लाल कापडात बांधून ठेवलेले असतात; त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. असे खोलीभर रुमाल ट्रॅक्टरनं नव्या इमारतीत न्यायचे होते. काका प्रत्येक खेपेला ट्रॉलीत रुमालांवर बसून गेले. निघताना एकानं मोजायचे, पोचल्यावर दुसऱ्यानं मोजायचे, आणि दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा आधी बघायचा नाही. ट्रॅक्टरवाल्याला वाटेत चहाला थांबू दिलं नाही. थर्मास घरून भरून नेला. नव्या खोलीतला शेवटचा रुमाल मोजून होईपर्यंत जुन्या खोलीत झाडू लावू दिला नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की ती सुरू झाली की मी औषधांचा साठा मोजायचं निमित्त काढून उठायचे. त्याच गोष्टीनं पुढे आमची अब्रू वाचवली, हे कबूल करायला आता मला लाज वाटत नाही.

आमच्या दवाखान्याचं एक बोलणारं यंत्र आहे. चार वर्षांपूर्वी ते सुरू झालं. फोनवर लिहून किंवा बोलून काहीही विचारा, ते उत्तर देतं: ताप, फवारणीनंतरची मळमळ, बाळाच्या लसी. त्याला उत्तर सुचलं नाही तर तो प्रश्न आमच्याकडे येतो. तो काका वाचतात, नंबर झाकून चिठ्ठीवर उतरवतात आणि डॉक्टरांना देतात. यंत्रानं स्वतः उत्तर दिलेले प्रश्न मात्र ते उघडत नाहीत. बैठकीत आम्ही यंत्राला एक भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं. आवाज बाईचा, म्हणून लोकांनी त्याचं मशीनबाई करून टाकलं.

यंदा मशीनबाई जुनी झाली. ती चालवणाऱ्या कंपनीनं कळवलं की नवी आवृत्ती आली आहे, जुनी बंद पडायच्या आत सगळा डेटा नव्या ठिकाणी हलवावा लागेल. त्यासाठी रेवती नावाची इंजिनिअर पुण्याहून आली. पस्तिशीची, हुशार, भराभर बोलणारी. म्हणाली, दोन दिवसांचं काम आहे.

"बिऱ्हाड कोनाचं हालवून राह्यले तुमी?" काकांनी विचारलं.

"मशीनबाईचं," रेवती हसत म्हणाली.

"तिचं काय आहे तिथं? बिऱ्हाड लोकायचं आहे."

डेटा ज्यात उतरवून घ्यायचा तो पेनड्राइव्ह रेवतीच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात होता, गॉगल आणि आवळा सुपारीच्या शेजारी. काकांनी तो बघितला आणि आपल्या पिशवीचं कुलूप काढून तिच्यासमोर ठेवलं. ते पर्सला लागत नव्हतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

नव्या मशीनबाईला एक नवी कला येत होती. ती स्वतःहून बोलायची. नावानं हाक मारायची, आणि माणसानं आजवर सांगितलेल्या दुखण्यांतलं सगळ्यात मोठं दुखणं निवडून त्याची चौकशी करायची. 'नमस्कार. तुम्ही छातीत दुखतं म्हणाला होता. आता कसं आहे?' डॉक्टर खूश झाले. मीही खूश झाले. मला वाटलं, किती माणुसकी आहे. काका खुर्चीत पुढे सरकून बसले.

रेवतीनं चाचणीसाठी दहा नंबर निवडले आणि एकेकाला निरोप पाठवायला घेतला. यादी स्क्रीनवर होती. चौथा निरोप गेला तेव्हा काका उठले, चष्मा यादीला टेकेल इतकं वाकून बघितलं, आणि शांतपणे व्हरांड्यात जाऊन मेन स्विच खाली ओढला.

पंखे थांबले. आत डॉक्टर एका आजींचा कान तपासत होते, ते कानाला विचारल्यासारखे म्हणाले, "काय झालं?" रेवतीचा लॅपटॉप चालू होता, पण इंटरनेट गेलं आणि पाचवा निरोप वाटेतच अडकला.

"काका, हे काय केलंत?"

"सातवा नंबर यादीतून काढा. मंग लावतो."

"पण का? कोणाचा आहे तो?"

"कोनाचा ते मी सांगनार नाही. आन् तो एका मानसाचा नाहीच. तो झाडाचा आहे."

रेवतीनं माझ्याकडे बघितलं. मग तिला सगळं समजावून सांगावं लागलं. डोंगराकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीत, मोबाईलची रेंज फक्त एका मोहाच्या झाडाखाली येते. म्हणून शंकर आत्रामांनी आपला फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या झाडाच्या फांदीलाच टांगून ठेवला आहे. मशीनबाईकडे नाव शंकररावांचं, पण विचारतो सगळा पोड. आलेला निरोप तो फोन मोठ्यानं वाचून दाखवतो. वाचता येणारे थोडे, म्हणून आम्हीच तसं बसवून दिलं होतं.

त्याच झाडाखालून, सगळे वावरात गेलेले असताना, एका सुनेनं मशीनबाईला विचारलं होतं: लग्नाआधीपासून मला फिट येते, सासरी कोणाला माहीत नाही, गोळी चालू ठेवली तर पोटातल्या बाळाला काही होईल का? मशीनबाईला उत्तर देता आलं नाही, म्हणून प्रश्न काकांकडून डॉक्टरांकडे आला. त्यांनी तिला बोलावून गोळ्या बदलून दिल्या. आता तिचं बाळ रांगतं. ती बाजाराच्या दिवशी दातदुखीच्या नावाखाली येते आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन जाते. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही; काकांच्या संगतीत तेवढं शिकले.

नवी मशीनबाई त्या झाडाखाली मोठ्यानं बोलली असती, "नमस्कार शंकरराव, तुमच्या फिटचं काय झालं?" शंकररावांना फिट येत नाही हे पोडाला पक्कं माहीत आहे. मग येते कोणाला, हे शोधायला पोडाला अर्धा दिवस पुरला असता, आणि त्या पोरीचा संसार मोडायला उरलेला अर्धा.

हे सगळं मला माहीत होतं. गोळ्यांची पाकिटं मीच तिच्या हातात देते. तरी माणुसकीच्या कौतुकात ते माझ्या डोक्यात आलं नाही. मला स्वतःचा इतका राग आला, की मी उठून मेन स्विचच्या खाली जाऊन उभी राहिले, कोणी तो वर करू नये म्हणून.

"पण सिस्टीममध्ये एक नंबर म्हणजे एक माणूस असतो," रेवती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता.

"तुमच्याकडं असन. आमच्याकडं नंबर म्हंजे सावली. जो येऊन बसला त्याची."

रेवतीची मोठी गोष्ट ही, की तिनं वाद घातला नाही. पाणी प्यायली, स्वतःहून चौकशी करायची ती कला बंद करून टाकली, पुण्याला फोन लावला आणि दोन दिवसांचं काम महिन्यावर नेलं. मग काकांसमोर वही घेऊन बसली आणि म्हणाली, "रुमाल कसे हलवले ते नीट सांगा." इतक्या वर्षांत त्या गोष्टीला पहिल्यांदाच मागणी आली. काकांनी ती थर्माससकट सांगितली.

मग त्या दोघांनी गावं धरली. नव्या घरी प्रत्येकानं स्वतःचा एक गुप्त शब्द ठरवायचा. तो सांगितल्याशिवाय मशीनबाई मागचं काही बोलणार नाही. आणि हलवायच्या आधी ज्याला त्याला विचारायचं, तुमचे प्रश्न न्यायचे की पुसायचे. एक म्हातारबा म्हणाले, "माह्या खोकल्याचं नागपूरपर्यंत सांगा जी, कोनी त औषध देईन." एक बाई म्हणाली, "सारं न्या, फक्त नवऱ्याबद्दल बोलली तेवढं पुसा." एकानं गुप्त शब्द म्हणून स्वतःचंच नाव ठेवलं.

"मंग ते गुपित कसं होईन?" काकांनी विचारलं.

"माह्या नावानं मले सारेच वळखतात. म्हनूनच त ठेवलं."

त्याची समजूत घालता घालता काका आणि रेवतीची परतीची गाडी चुकली.

जो माणूस आता नाही त्याच्याबद्दल काकांनी वेगळा नियम केला. त्याचे प्रश्न हलवायचे नाहीत, पुसायचे, आणि घरच्यांनी मागितले तरी द्यायचे नाहीत. यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, "आठवण म्हणून मागितले तर?" काका म्हणाले, "त्याले घरच्यायले सांगाचं असतं त सांगतलं असतं. त्यानं मशीनबाईले विचारलं." मला ते फार कोरडं वाटलं, आणि मी तसं त्यांना म्हटलंही.

हलवायचा दिवस आला. पेनड्राइव्हला पासवर्ड होता. अर्धा रेवतीला ठाऊक, अर्धा काकांना. आपला अर्धा टाकताना काकांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं. डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून कॅलेंडरसमोर उभे राहिले. पाऊण तास गेला, कारण काका एका बोटानं टाइप करतात.

मग मोजणी. पुसायला सुरुवात करायच्या आधी काढून ठेवलेल्या बॅकअपवरून जुनीकडचं रेवतीनं मोजलं, नवीकडचं मी. पुसलेल्यांचं एक रजिस्टर काकांनी ठेवलं होतं, प्रत्येक ओळीपुढे कारण. जुन्यातून पुसलेले वजा केले की नवे यायला हवेत. पुन्हा पुन्हा मोजलं, एक कमी भरत होता. रेवतीचा चेहरा उतरला. कोणाचे तरी प्रश्न वाटेत सांडले, म्हणजे ते कुठेतरी उघडे पडले असणार, असं ती म्हणत होती. सकाळची दुपार झाली. आणि काका, ज्यांनी एरवी घर डोक्यावर घेतलं असतं, ते कोपऱ्यात बसून पुठ्ठ्यावर नवं कवठ काढत होते. कवठ बरंच काळं झालं होतं.

शेवटी रेवतीला सापडलं. एक नंबर आदल्या दिवशी पुसला गेला होता, काकांच्याच खात्यातून. मी रजिस्टर उघडलं. ओळ होती, नंबर होता, कारणाचा रकाना कोरा होता, म्हणून आम्ही दोघींनी ती ओळ मोजलीच नव्हती. काकांनी आयुष्यात कधी रकाना कोरा सोडला नसेल.

मी नंबर वाचला आणि ओळखला. तो सुमनकाकूंचा होता. सुमनकाकू म्हणजे काकांची बायको. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. पोटाचं दुखणं होतं. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मग रेवती हळूच म्हणाली, "काका, बॅकअप अजून आहे. मोजणी जुळली की तो पुसायचा आहे. तुम्हाला हवं असेल तर मी आत्ता तेवढं काढून देते. कोणाला कळणार नाही."

"मले कळन," काका म्हणाले.

"तुम्ही वाचलं नाहीत?" मी विचारलं.

"नाही. तारखा दिसतात यादीत, तेवढ्या दिसल्या. तीन महिने विचारत होती ती." त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला. "मी सांजच्याले घरी गेलो की विचारो, सुमन, दुखते का? ती म्हने, काही नाही. रोज विचारो. रोज म्हने, काही नाही. मले तिनं ते 'काही नाही' देल्लं, वर्षाताई. ते माह्यं आहे. बाकीचं माह्यं नाही."

मला रडू आलं. ज्या नियमाला मी कोरडा म्हटलं होतं, तो या माणसानं आधी स्वतःवर चालवला होता. रात्रंदिवस ज्याच्यासोबत राहिलो त्या माणसानं शेवटचं दुखणं आपल्याला न सांगता यंत्राला सांगितलं, हे त्यांना कळलं होतं, आणि काय सांगितलं ते एक बोट दाबलं की समोर येणार होतं. त्यांनी तेच बोट पुसायला वापरलं.

रजिस्टर माझ्याच हातात होतं. रकाना कोरा का, ते आता मला समजलं. आधीच्या ओळींतून काकांनी तेच शब्द कितीतरी वेळा स्वच्छ अक्षरात लिहिले होते. मी पेन घेतलं आणि लिहिलं: 'व्यक्ती हयात नाही.' मग रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं, सहीसाठी.

काकांनी ओळ वाचली. पेन हातात घेतलं, आणि तसंच धरून रेवतीकडे बघितलं.

"मशीनबाई तिच्यासंगं नीट बोलली असन नं?"

रेवतीनंही ते प्रश्न वाचलेले नव्हते. पण मशीनबाईला बोलायला शिकवणाऱ्यांत ती एक होती. ती म्हणाली, "हो काका. तेच तेच कितीदा विचारलं तरी ती कंटाळत नाही. आणि कोणालाही घाई करत नाही."

काकांनी मान हलवली आणि सही केली. मग चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. घाटंजीची गाडी निघायची वेळ झाली होती, पण त्यांना उठवायला आमच्यातलं कोणी गेलं नाही.